टनेलचा इलेक्टिव्ह घ्यायचा का? घ्या, पण कोअर बॉक्ससाठी घ्या

सातव्या सेमिस्टरचे इलेक्टिव्हचे फॉर्म सुटले की ज्युनिअर मुलांचे फोन सुरू होतात. या आठवड्यात मला नऊ आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, टनेल घेऊ का? स्कोअरिंग आहे का?" फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी निकाल. विषयाला पाचपैकी साडेचार. आमच्याकडे तो ज्या पद्धतीनं शिकवतात त्याला तीन. आणि जिऑलॉजी लॅबच्या कोपऱ्यात रॅकवर ज्या अकरा कोअर बॉक्स, म्हणजे जमिनीतून काढलेल्या दगडाच्या नमुन्यांच्या पेट्या ठेवल्यात, त्यांना पाचपैकी पाच. स्कोअरिंग मात्र नाही. ज्यांना फक्त पॉइंटर वाढवायचाय त्यांनी दुसरं काही घ्यावं, त्यात काही चूक नाही.

कागदावर नाव 'भूमिगत अभियांत्रिकी', पण सगळे टनेलच म्हणतात. कॉलेज नाशिकमधलंच, स्वायत्त. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि त्या कुणाशी भांडायला लिहिलेल्या नाहीत. आठवड्याला तीन लेक्चर, पंधरा दिवसांतून एक प्रॅक्टिकल, शेवटी एक छोटा प्रोजेक्ट. आमच्या वर्षी एकोणीस जणांनी घेतला, त्यात आम्ही चार मुली.

मी का घेतला ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय माझ्या मताला अर्थ नाही. मी घोटीची. चारही वर्षं एसटीनं जाऊन-येऊन केली. आमच्या बाजूला इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गाचा सुमारे ८ किलोमीटरचा जुळा बोगदा झाला. माझे धाकटे काका बोगद्यांच्या कामांवर ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीटची गाडी चालवतात. रात्री जेवताना त्यांच्या तोंडी शब्द असायचे: फेस, मकिंग, शॉटक्रीट, क्राउन. आई विचारायची, "हे शॉटक्रीट म्हणजे काय रे?" काका म्हणायचे, "गिलावा, वहिनी. डोंगराला आतून गिलावा." मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

तो गिलावा नाही, हे पहिल्या महिन्यातच कळलं. डोंगराला आपण पेलायचं नसतं, डोंगरानं स्वतःला पेलायचं असतं. भोक पाडलं की आजूबाजूचा खडक किंचित आत सरकतो आणि सरकता सरकता भार स्वतःभोवती वाटून घेतो. त्याला तेवढं सरकू द्यायचं, पण सुटू द्यायचं नाही. त्यासाठी शॉटक्रीटचा, म्हणजे दाबानं फवारलेल्या काँक्रीटचा पातळ थर, रॉक बोल्ट, म्हणजे खडकात बसवलेल्या सळ्या, आणि भिंती किती आत आल्या त्याची रोजची मोजणी. राब्सेविच या ऑस्ट्रियन अभियंत्यानं १९६०च्या दशकात हा विचार 'नवी ऑस्ट्रियन पद्धत' म्हणून मांडला. आपण त्याला एनएटीएम म्हणतो. काकांना मी हे समजावलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे सर्व्हेवाली पोरं रोज त्या भिंतीवरच्या खुणा बघायची ती ह्याच्यासाठी." वीस वर्षं ज्या कामावर त्यांनी गाडी चालवली, त्यातला एक तुकडा त्यांना त्या रात्री नव्यानं दिसला. निव्वळ एवढ्यासाठी मी हा इलेक्टिव्ह पुन्हा घेईन.

आता कोअर बॉक्सबद्दल. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

जमिनीत बोअर मारून दगडाचा जो दंडगोल बाहेर काढतात तो कोअर. साधारण ५४ मिलिमीटर जाडीचा. तो काढल्या क्रमानं लांबट पेटीत ओळीनं मांडतात, प्रत्येक ओळीच्या टोकाला रंगानं खोली लिहितात. आमच्या लॅबमधल्या बॉक्स एका कन्सल्टंटनं काम संपल्यावर दिलेल्या आहेत, सगळा आपला दख्खनचा बेसाल्ट. झाकण उघडलं की आधी धूळ दिसते. मामा, म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, ओलं फडकं फिरवतात आणि त्या करड्या धुळीतून रंग वर येतात. काळसर कॉम्पॅक्ट बेसाल्ट, मग जांभळट, पांढऱ्या ठिपक्यांचा अमिग्डलॉइडल. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे राहिले, पुढे त्यात झिओलाइट आणि कॅल्साइट भरलं, ते हे ठिपके. आपल्या भागातले झिओलाइटचे स्फटिक किती देखणे असतात ते ज्यांनी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलंय त्यांना सांगायला नको. पण तिथे काचेआड चमकणारं खनिज इथे बोटाला खरखरीत लागतं, आणि खडकाची ताकद किती कमी-जास्त झाली ते सांगतं.

आम्हाला आरक्यूडी काढायचा होता, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याचा टक्का. अमेरिकेच्या डॉन डीअर यांनी १९६०च्या दशकात दिलेली पद्धत, सोपी आहे. एका रनमधले, म्हणजे बोअरच्या एका खेपेत निघालेल्या कोअरमधले, १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडे मोजा, बेरीज करा, रनच्या लांबीनं भागा. माझा रन दीड मीटरचा. मी टेप लावून ३८, २४ आणि १० असे तीन तुकडे धरले. बेरीज ७२, आरक्यूडी ४८ टक्के. वर्गवारी 'पुअर'. जर्नलमध्ये लिहून मोकळी झाले.

मामांनी बघितलं. मामा लॅबमध्ये येण्याआधी बोअरच्या गाडीवर होते. म्हणाले, "पोरी, हे दोन उचल. आता जोड." नऊ आणि आठ सेंटिमीटरचे ते दोन तुकडे मी बाजूला टाकले होते. जोडले तर अशी फट मिटली की रेघसुद्धा दिसेना. "आता तोंड बघ. चमकतंय ना? इथं पाणी कधी गेलंच नाही. हे मशीननं तोडलंय, जमिनीनं नाही तोडलं." मग पलीकडचा एक तुकडा हातात दिला. त्याचं तोंड तपकिरी, वर हिरवट साय धरल्यासारखी, बोट फिरवलं तर गुळगुळीत. "हे जमिनीचं."

सात आणि पाचचे आणखी दोन तुकडे तसेच निघाले. म्हणजे १७ आणि १२ हे दोन धरायला हवे होते. बेरीज १०१, आरक्यूडी ६७ टक्के. 'पुअर'चा 'फेअर' झाला. खडक तोच, बॉक्स तीच, फक्त तुकडा कशानं मोडलाय ते मला वाचता येत नव्हतं. हा आकडा पुढे सपोर्टच्या डिझाइनमध्ये जातो, बोल्ट किती आणि शॉटक्रीट किती जाड ते ठरवतो. चूक उलट दिशेनं झाली असती, जमिनीनं तोडलेला सांधा मी मशीनचा समजून जोडून टाकला असता, तर कमी सपोर्टखाली माणसं उभी राहिली असती. त्या दिवसापासून मी कोअर मोजताना घाई करत नाही.

हे कुठल्याही पीपीटीत नाही. व्याख्या आहे, 'मेकॅनिकल ब्रेक वगळावेत' अशी ओळ आहे, पण ते तोंड कसं चमकतं ते हातात धरल्याशिवाय कळत नाही.

पुढचं प्रॅक्टिकल क्यू सिस्टिमचं, म्हणजे खडकाची प्रत एका आकड्यात सांगण्याचं. नॉर्वेच्या जिओटेक्निकल संस्थेतल्या बार्टन, लीन आणि लुंडे यांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली. सहा आकडे असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या, तिन्ही भागाकारांचा गुणाकार. पहिली जोडी सांगते की खडकाचे ठोकळे किती मोठे, दुसरी सांगते की ठोकळे एकमेकांना किती घट्ट धरतात, तिसरी पाणी आणि ताणाची. माझ्या त्याच रनचं घेते. आरक्यूडी ६७. सांध्यांचे, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक भेगांचे तीन संच, म्हणून खाली ९. भागाकार ७.४. सांधे खडबडीत पण सपाट, म्हणून १.५, त्यांचे पृष्ठ थोडे कुजलेले, म्हणून २, भागाकार ०.७५. गुणाकार ५.६. कोरडं असेल आणि ताण मध्यम असेल तर तिसरी जोडी १, क्यू ५.६, खडक 'फेअर'.

सरांनी विचारलं, "हा खडक कुठल्या महिन्यातला?" आम्हाला प्रश्नच कळेना. मग त्यांनी पाण्याचा आकडा १ खोडून ०.६६ लिहिला, मध्यम झिरपा. क्यू ३.७. चारच्या खाली म्हणजे 'पुअर'. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. बेसाल्टचा दगड पाणी पीत नाही, पण त्याचे सांधे पितात. मे महिन्यात जो फेस, म्हणजे खणायचं पुढचं तोंड, कोरडाठाक असतो तोच ऑगस्टमध्ये गळतो, आणि तोच खडक एक वर्ग खाली उतरतो. मी घोटीत वाढले. पाऊस काय असतो ते मला कुणी सांगायला नको होतं. पण तो पाऊस एका समीकरणात बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आता तक्रारी.

दगडाची ताकद मोजणारा पॉइंट लोड टेस्टर आमच्या पूर्ण सेमिस्टरभर बंद होता. हातपंपाचं सील गेलं होतं, तेल गळायचं. मशीन दाखवलं, आकृती काढून घेतली आणि आकडे मागच्या बॅचच्या जर्नलमधून लिहून घेतले. हे मला अजून खुपतं. कॉम्पॅक्ट बेसाल्ट सहज १०० मेगापास्कल पार करतो हे वाक्य पाठ असणं वेगळं आणि तो तुकडा दोन टोकांमध्ये दाबताना काडकन् फुटलेला ऐकणं वेगळं. सीलची किंमत फार नसते, पाठपुरावा करणारं कुणी नसतं.

सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरवर, एकोणीस जण रांगेत. टीबीएमला, म्हणजे बोगदा कोरत पुढे जाणाऱ्या मशीनला, दोन लेक्चर मिळाली. मुंबईत कुलाबा ते सीप्झ ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ जमिनीखालून गेली, तिच्यासाठी १७ टीबीएम उतरवली, आणि आम्ही कटर हेडची आकृती काढून पुढे सरकलो. शेवटची दोन युनिट, व्हेंटिलेशन आणि इन्स्ट्रुमेंटेशन, पीपीटी वाचून संपवली. पेपर तर पूर्णपणे थिअरीचा. 'ड्रिलिंग पॅटर्नची सुबक आकृती काढा' याला आठ मार्क, आणि कोअर लॉग देऊन क्यू काढायला लावणारा एकही प्रश्न नाही. ज्या मुलानं बॉक्स एकदाही उघडली नाही त्याला माझ्याहून जास्त मार्क पडले. त्याच्याबद्दल राग नाही, पेपर काढणाऱ्यांनी मात्र हे ऐकावं.

साइट व्हिजिट ठरली होती, आदल्या दिवशी संध्याकाळी रद्द झाली. परवानगीचं पत्र वेळेत गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "डबे आणलेतच ना? चला, पांडवलेण्यांना जाऊ." निम्मे नाराज होते. मी तर रोज एसटीच्या खिडकीतून तो डोंगर बघते, तिथे काय नवीन बघायचं असं मलाही वाटलं.

पायऱ्या चढून तिसऱ्या लेण्यात गेलो. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईनं, गौतमी बलश्रीनं दिलेलं हे लेणं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. व्हरांड्यात खांब आहेत, पण आतल्या दालनात एकही नाही. भिंतींत अठरा खोल्या आणि मध्ये सपाट छत. तिथल्या रखवालदाराला विचारून आम्ही जमिनीवर टेप धरला, रुंदी बारा मीटरच्या वर भरली. सरांनी आम्हाला खाली बसवलं आणि विचारलं, "वर्गात आपण बिएनियाव्स्कीचा तक्ता केला. काय म्हणतो तो?"

तो १९७३ सालचा आरएमआर, खडकाला गुण देऊन त्याचा वर्ग ठरवणारा. त्याच्या तक्त्यात सगळ्यात उत्तम वर्गाच्या खडकाला, १५ मीटर रुंद गाळ्याला, सपोर्टशिवाय उभं राहायला २० वर्षं दिलीत. त्याखालच्या वर्गाला १० मीटरसाठी एक वर्ष. मधल्याला ५ मीटरसाठी एक आठवडा. सगळ्यात वाईट खडकाला १ मीटरसाठी अर्धा तास. आणि आमच्या डोक्यावरचं छत सुमारे १९०० वर्षं उभं होतं, ना बोल्ट, ना शॉटक्रीट.

अर्धा तास वाद झाला. एक मुलगा म्हणाला, वर डोंगराचा भार कमी आहे. बरोबर. कुणी म्हणालं, तोंडाशीच आहे, पाणी निघून जातं. तेही बरोबर. माझी मैत्रीण बाहेर जाऊन आली आणि म्हणाली, "सर, सगळी लेणी डोंगराला एकाच पातळीत आहेत. त्यांनी थर निवडलाय." लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसलेत, त्यातला भरीव, कमी सांध्यांचा थर कोरणाऱ्यांनी शोधला, असं तिला म्हणायचं होतं. मग सर भिंतीजवळ गेले, तिथल्या छिन्नीच्या खुणांवर हात न लावता बोट धरलं आणि म्हणाले, "आणि ह्यांनी खडकाला हादरा दिला नाही." तक्ता बनला तो मुख्यतः सुरुंग लावून काढलेल्या बोगद्यांवरून. प्रत्येक स्फोटानं आत उरणारा खडकही थोडा फुटतो. म्हणून तर परिघावर जवळजवळ भोकं घेऊन सुरुंगाची दारू हलकी भरतात, कडा स्वच्छ कापली जावी म्हणून. आम्ही कंट्रोल्ड ब्लास्टिंगचं प्रकरण तिथे, गार फरशीवर बसून शिकलो. डबेही नंतर खाली पायथ्याशी खाल्ले.

साइट व्हिजिट व्हायलाच हवी होती, ही तक्रार कायम आहे. पण तुमच्या बॅचला कुणी नेलं नाही तरी रविवारी स्वतः जा. टेप घेऊन जा, छिन्नी-हातोडा अजिबात नको, ती संरक्षित वास्तू आहे.

सिलक्यारावर सरांनी एक पूर्ण लेक्चर घेतलं, कुणी जागचं हललं नाही. १२ नोव्हेंबर २०२३ ला उत्तराखंडच्या त्या बोगद्यात ४१ कामगार अडकले, सतराव्या दिवशी सगळे जिवंत बाहेर आले. ऑगर मशीन तुटल्यावर शेवटचे काही मीटर माणसांनी हातानं खणले. ते सतरा दिवस आमच्या घरी टीव्ही बंद झाला नव्हता, काका तेव्हा दुसऱ्या राज्यात एका बोगद्यावर होते. आजी रोज संध्याकाळी त्यांना फोन लावून फक्त एवढंच विचारायची, "आज आत आहेस का बाहेर?" वर्गात त्यावर बोलताना माझा आवाज बसला. सरांनी मला बोलायला वेळ दिला, हे मी विसरणार नाही.

मुलींनी विचारलंय म्हणून वेगळं लिहिते. घ्या. पूर्वी १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखालच्या खाणीत कामाला मनाई होती. २०१९ मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी, दिवसाच्या वेळेत, ती सैल झाली. बोगदे म्हणजे खाणी नव्हेत, पण 'खाली बाई नको' ही समजूत दोन्हीकडे सारखीच होती. काकाच आधी म्हणाले होते, "तिथं बायका नसतात गं." आता तेच शेजाऱ्यांना सांगतात की आमची पोरगी दगड वाचते.

नोकरीचं म्हणाल तर बोरिवली–ठाणे जुळा बोगदा आहे, बुलेट ट्रेनचा ठाण्याच्या खाडीखालून जाणारा ७ किलोमीटरचा टप्पा आहे, हिमालयातली रेल्वेची कामं आहेत. मला ठाण्यातल्या एका कन्सल्टंटकडे ट्रेनी म्हणून घेतलंय. इंटरव्ह्यूत तीन प्रश्न होते. ग्राउटिंगच्या, म्हणजे भेगांत सिमेंट भरण्याच्या, दाबाचा मला आला नाही. एनएटीएमचा बरा आला. तिसरा त्यांनी टेबलावर कोअरचे दोन तुकडे ठेवून विचारला. मी उचलले, जोडले, तोंड खिडकीकडे धरून बघितलं आणि म्हटलं, "हे मशीनचं."

विषय घेतलात तर पहिल्याच आठवड्यात मामांना भेटा, दहा पट मोठं दाखवणारं एक साधं भिंग घ्या आणि आयएस १३३६५ ची, म्हणजे खडकाच्या वर्गवारीच्या भारतीय मानकाची प्रत लायब्ररीतून काढून ठेवा, नंतर मिळत नाही. प्रोजेक्टला तयार विषय घेऊ नका. माझा प्रोजेक्ट रेड बोलवर होता. दोन लाव्हाच्या थरांमध्ये विटेसारखा लाल पट्टा असतो तो. खालचा थर उघडा पडून कुजला, मग त्याच्यावर नवा लाव्हा येऊन तो भाजला गेला. कोरडा असताना नखानं ओरखडाही जेमतेम पडतो. मी सुपारीएवढा तुकडा घरी स्टीलच्या पेल्यात पाण्यात टाकला आणि शेजारच्या पेल्यात काळा बेसाल्ट. आधी बारीक बुडबुडे आले, मग कडेचे पापुद्रे सुटले, वीस मिनिटांत तळाशी लाल चिखल. काळा दगड होता तसाच. काकांनी पेला हलवून बघितला आणि म्हणाले, "लाल पट्टा दिसला की फोरमन आधी पाणी कुठून येतंय ते बघायचा."

ते तुकडे सात नंबरच्या बॉक्समधले आहेत, तिसरी ओळ. ती बॉक्स उघडाल तेव्हा मामांना ओलं फडकं त्या ओळीवरून फिरवू देऊ नका. रेड बोल तिथे आता जेमतेम वीतभर उरलाय, आणि तो तुमच्यानंतरच्या बॅचलाही लागणार आहे.